खबरबात : बलूनची गोष्ट, दहावीचा निकाल, भिजलेला कांदा आणि नारळीकर सर

गोदाकाठ | २१ मे २०२५, रात्री ११:२०

होळीनंतर मी इथे फिरकलेच नाही. निरोपांच्या पेटीत 'बलूनच्या कादंबरीचं काय झालं?' असं विचारणारे बरेच जण दिसले, म्हणून एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच सगळं सांगते. काल नारळीकर सर गेले. आधी वाटलं, खबरबात आता पुढच्या महिन्यात. पण ज्या कामाबद्दल तुम्ही विचारताय त्यात ते कुठून कुठून येतातच, त्यामुळे ते आणि हे वेगळं करता येईना.

घरचं आधी उरकते.

लेकाची दहावी झाली, १३ तारखेला निकाल लागला. मार्क चांगले आहेत. आकडा सांगणार नाही, कारण तो हा धागा वाचतो आणि मग माझ्याशी दोन दिवस बोलत नाही. त्याला कॉमर्सला जायचंय. सासूबाईंनी मात्र त्याची पत्रिका दाखवून आणली आणि तीत म्हणे इंजिनीअरिंगचा स्पष्ट योग आहे. घरात सध्या या विषयावर कुणी कुणाशी सरळ बोलत नाही, सगळं चहाच्या कपांच्या आवाजातून चालतं. यंदापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे गावाकडच्या भाचीचा फॉर्मही माझ्याच गळ्यात आहे.

दादांचा (माझे वडील, निफाड तालुका) कांदा अर्धा चाळीत गेला होता, अर्धा शेतात ढीग करून झाकलेला होता आणि वर हा मे महिन्यातला पाऊस. ताडपत्री वरून झाकते, खालून ओल आली की काय करणार? भिजलेला माल चाळीत भरला तर तो शेजारच्या चांगल्यालाही सडवतो, म्हणून दादा आणि भाऊ हाताने निवडत बसलेत. निर्यातीवरचं २० टक्के शुल्क १ एप्रिलपासून उठलं तेव्हा दादांनी पेढे आणायचं बोलून दाखवलं होतं. शुल्क उठलं, भाव बसलेलाच राहिला. पेढे राहिले.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. वाचायला बंदी आहे. त्यातून माझं दुसरं काम सुरू झालं, ते खाली लिहिते.

आता कामं.

भाषांतराचं काम संपवून दिलं. पैसे यायचेत. पुढे.

ध्वनिमुद्रण : सासूबाईंना वाचून दाखवायचा मला कंटाळा यायला लागला, म्हणून मी माझ्याच जुन्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या. त्या कानाला लावून झोपतात. गंमत म्हणजे आवाजात ऐकल्यावर त्यांनी ज्या चुका काढल्या, त्या कुठल्याच संपादकाने काढल्या नव्हत्या. 'हा पोरगा इतकं लांब वाक्य एका दमात कसा बोलतो गं?' हा त्यांचा ठरलेला शेरा. आता नव्या लिखाणातला प्रत्येक संवाद त्यांच्याकडून पास व्हावा लागतो.

आणि बलून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही कुमारांसाठीची कादंबरी आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून प्लॅस्टिकच्या पातळ कापडाचे प्रचंड फुगे हायड्रोजन भरून वर सोडतात. ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि काम झालं की खालची उपकरणांची पेटी पॅराशूटने जमिनीवर येते. वारा नेईल तिथे. कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, कधी आपल्या मराठवाड्यात कुणाच्या तरी शेतात. पेटीवर सूचना असते की हात लावू नका, पोलिसांना कळवा. माझ्या गोष्टीत अशी पेटी देगलूर तालुक्यात तुरीच्या शेतात पडते आणि ती तीन मुलांना सापडते.

हे सुचलं ते नारळीकरांच्या एका प्रयोगावरून. अशाच फुग्यातून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करून तिथे सूक्ष्मजीव सापडतात का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. २००५च्या उड्डाणात तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाले. एकाला त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. ते पृथ्वीवरूनच वर गेले की बाहेरून आले, हे त्यातून सिद्ध झालं नाही, आणि झालं असा दावाही त्यांनी केला नाही. मला ती जागा फार आवडते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'अजून माहीत नाही' एवढं सांगून गोष्ट संपवता येईल का, हे मला पाहायचंय.

माझ्या गोष्टीतली मुलं एका निवृत्त शास्त्रज्ञाला पत्र लिहितात आणि तो पोस्टकार्डावर उत्तरं पाठवतो. हे पात्र कुठून आलं ते सांगायला नको. सही मागायला आलेल्या मुलांना सर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो.

तर काल दुपारी प्रकाशकांचा फोन. पुस्तक १९ जुलैला, म्हणजे सरांच्या वाढदिवसाला आणू. मुखपृष्ठावर त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचं चित्र घेऊ, चेहरा ओळखीचा वाटेल असा. आत श्रद्धांजलीचं एक पान. मी म्हटलं, शेवटची चार प्रकरणं कच्ची आहेत. ते म्हणाले, चालतील, लोक आत्ता विकत घेतील. अंत्यदर्शनाच्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या आणि आम्ही कागदाची जाडी बोलत होतो.

मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र खात्री वाटेना, म्हणून तुम्हाला विचारतेय. ते माझं वाईट चिंतत नाहीत. खपलं तर पुढचं पुस्तक निघेल, हे मलाही कळतं.

सरांबद्दल मोठं काही लिहायची माझी पात्रता नाही. मी विज्ञानाची पदवीधरसुद्धा नाही, बी.ए. मराठी. काल दिवसभर जे वाचलं त्यात 'आकाशाएवढा', 'तारा निखळला' याचा इतका पूर आला होता की मला त्यांचीच वाक्यं आठवत राहिली. विशेषण जवळजवळ नाही. सांगायचं ते सांगितलं की पूर्णविराम. त्यांच्या कथांतली माणसं पातळ आहेत, हे समीक्षक म्हणतात ते मलाही पटतं. नायक, त्याची बायको, सचिव, मंत्री, सगळे एकाच सुरात बोलतात. पण सातवीत असताना मला त्या माणसांशी काही घेणं नव्हतं. पुढे काय होणार आणि असं खरंच होऊ शकतं का, एवढंच हवं होतं, आणि त्यांनी ते कधी लांबवलं नाही.

२०२१च्या डिसेंबरात आमच्या नाशकात साहित्य संमेलन झालं, ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. आडगावच्या त्या मंडपात मी गेले होते. एका शास्त्रज्ञाला संमेलनाचं अध्यक्ष केलंय याचं आजूबाजूच्या कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं. हे त्यांनीच घडवलं असं मला तेव्हाही वाटलं.

असो. बोला.

---

उनाड_पाऊस | २१ मे, रात्री ११:५२

श्रद्धांजली. ते पोस्टकार्डाचं आमच्या शाळेतही बाईंनी सांगितलं होतं. मी पोस्टकार्ड विकत आणलं, पत्ता लिहिला, आणि प्रश्नच सुचेना. जे सुचायचं ते पुस्तकात असायचं. शेवटी आईने त्या कार्डावर मावशीला खुशाली कळवली.

लेकाचं अभिनंदन. आकडा खरडवहीत कळवा :)

---

सॅन_होजेची_सून | २२ मे, सकाळी ६:०५

गोदा, तुला राग येईल पण मला प्रकाशकाचं फारसं चुकलेलं दिसत नाही. मराठीत कुमार कादंबरी किती खपते ते तूच मागच्या धाग्यावर रडत होतीस. इथे आमच्या मंडळाच्या शाळेत मुलांसाठी मराठी विज्ञान काहीतरी द्या म्हणून पालक मागे लागलेत. आज पुस्तक असतं तर मी पंचवीस प्रती मागवल्या असत्या. लोकांच्या मनात एखादं नाव ताजं असताना त्यांच्या हातात चांगलं पुस्तक गेलं तर त्यात पाप कसलं?

चेहरा नको घालू. श्रद्धांजलीचं पान नको. पण तारीख घे.

---

तिरकस | २२ मे, सकाळी ९:३१

कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण विचारतोच. कालपासून सगळीकडे 'महान खगोलशास्त्रज्ञ' चाललंय. ज्या सिद्धान्तासाठी नाव झालं, तो स्थिर विश्वाचा सिद्धान्त (विश्वाला आरंभ नाही, ते कायम असंच आहे) मुळात टिकला नाही ना? १९६५ साली पार्श्वभूमीचे सूक्ष्मतरंग (महास्फोटाची मागे उरलेली खूण) सापडले तेव्हाच तो निकालात निघाला. तरी हे शेवटपर्यंत तेच धरून बसले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर आपण हटवादी म्हटलं असतं. मराठी माणूस म्हणून सूट?

लेखक म्हणून मोठे, संस्था उभी केली, हे मान्य.

---

अनुस्वार | २२ मे, सकाळी १०:१४

तिरकसराव, तिसरा दिवस तरी होऊ द्यायचा.

गोदाताई, एक जुनी आठवण, तुम्हाला माहीत असेलच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नाव पाहून परीक्षक भारावतील म्हणून नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केली की झालं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून संपूर्ण कथा त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी आपल्या हाताने उतरवून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली.

मी या गोष्टीत नेहमी मंगलाबाईंपाशी थांबते. स्वतः गणितज्ञ. मुलांना गणिताची भीती वाटू नये म्हणून मराठीत लिहीत राहिल्या. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून त्यांच्यावर किती चिखलफेक झाली ते आठवतंय ना? त्या प्रत्येकाला शांतपणे कारणं सांगत होत्या. २०२३च्या जुलैमध्ये त्या गेल्या, तेव्हा या संस्थळावर एक धागासुद्धा निघाला नव्हता. मी शोधून पाहिलं.

---

निवृत्त_मास्तर | २२ मे, दुपारी १२:४०

तिरकस यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायला तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची गरज नाही. नारळीकरांनी तरी पाहिली नसती.

मी पदार्थविज्ञान शिकवायचो. जमेल तसं सांगतो.

स्थिर विश्वाचा सिद्धान्त त्यांचा नव्हे. तो १९४८चा, हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांचा. तेव्हा जयंतराव बनारसमध्ये शाळेत होते. केंब्रिजला ते हॉईलचे विद्यार्थी झाले, आणि हॉईल-नारळीकर नावाने जे ओळखलं जातं ते गुरुत्वाकर्षणाविषयीचं आहे. १९६४ साली मांडलं. वस्तूला वस्तुमान असतं ते कशामुळे? त्यांची मांडणी अशी की विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थांशी असलेल्या नात्यामुळे. म्हणजे तुम्ही भरलेली पिशवी उचलता तेव्हा हाताला जो जडपणा जाणवतो, त्यात दूरच्या दीर्घिकांचाही वाटा. माख या शास्त्रज्ञाची ही जुनी कल्पना होती, तिला यांनी गणितात बसवायचा प्रयत्न केला. मुख्य प्रवाहाने स्वीकारली नाही, हे खरं.

सूक्ष्मतरंगांच्या शोधानंतर बहुतेकांनी महास्फोट मान्य केला, हेही खरं. १९९३मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी जुनी मांडणी तशीच न धरता बदलली. त्यात विश्व प्रसरण-आकुंचनाच्या आवर्तनांतून जातं, आणि त्या तरंगांचंही वेगळं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. ते बहुतेकांना पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

हटवादी कोणाला म्हणायचं? जो विरुद्ध पुरावा पाहायचं टाळतो त्याला. हे गृहस्थ विरुद्ध पुरावा समोर घेऊन त्यावरच लिहीत होते. आणि पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली तेव्हा तिथे त्यांच्या मताचीच माणसं भरली, असं कुणी म्हणणार नाही. संस्थापक संचालक अल्पमतात, आणि संस्थेत महास्फोट मानून काम करणारे बिनधास्त काम करताहेत. आपल्याकडच्या किती विभागप्रमुखांना हे जमलं असतं? मी ज्यांच्या हाताखाली काढली त्यांना तर नक्कीच नाही. नावं घेत नाही.

जाता जाता : १९६१ साली इंग्लंडात हर्स्टमन्सोला उन्हाळी वर्ग होता. तिथे टेबल टेनिसमध्ये त्यांनी स्टीफन हॉकिंगला हरवलं होतं. हॉकिंग तेव्हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी. विश्वरचनेच्या वादात हॉकिंगची बाजू जिंकली. एक-एक बरोबरी समजू.

---

तिरकस | २२ मे, दुपारी १:१५

मास्तर, उत्तर आवडलं. आयुकाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. 'हटवादी' मागे घेतो. 'सूट' तेवढी ठेवतो, कारण कालच्या लेखांत मांडणी मान्य झाली नाही हे कुणीच सांगितलं नाही. ते झाकल्याने माणूस लहान होतो.

---

निवृत्त_मास्तर | २२ मे, दुपारी १:२२

यावर आपलं एकमत.

---

पंचांग | २२ मे, संध्याकाळी ७:०८

गोदाताई, सासूबाईंनी पत्रिका दाखवली यात चेष्टेचं काय आहे? नारळीकर गेले म्हणून लगेच ज्योतिषावर घसरायची गरज नव्हती. ते शास्त्र त्यांचा विषय नव्हता.

---

उनाड_पाऊस | २२ मे, संध्याकाळी ७:४०

विषय नव्हता म्हणून तर चाचणी घेतली. नुसतं 'थोतांड' म्हणून मोकळे झाले नाहीत. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना आवाहन केलं, या आणि पत्रिका पाहून ओळखा. एक्कावन्न जणांनी पत्रिका घेतल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. नरेंद्र दाभोलकरही त्या प्रयोगात होते.

मला यातलं आवडतं ते हे की ज्योतिषांनाच सहभागी करून घेतलं, त्यांच्या पाठीमागे काही केलं नाही.

---

पंचांग | २२ मे, रात्री ८:०३

सत्तावीस जणांवरून सगळं शास्त्र ठरत नाही.

---

तिरकस | २२ मे, रात्री ८:१०

बरोबर. म्हणून उरलेल्या चोवीस जणांनी उत्तरं का पाठवली नाहीत ते विचारा.

---

गोदाकाठ | २३ मे, रात्री १०:३५

पंचांगदादा, चेष्टा सासूबाईंची नव्हती, आमच्या घरातल्या अबोल्याची होती. आणि ऐका, परवा सरांची बातमी लागली तेव्हा त्याच टीव्हीसमोर बसून डोळ्याला रुमाल लावत होत्या. ऑपरेशन झालेला डोळा, मी ओरडले. म्हणाल्या, 'इतका मोठा माणूस, पण बोलायचा किती साधं.' मग उठून नातवाची पत्रिका कपाटात नीट ठेवली. दोन्ही त्यांच्यात सुखाने नांदतं. मी त्यांना ४६ टक्के सांगितलं तर म्हणाल्या, 'आमचे जोशीकाका त्या सत्तावीसात नसणार.' यापुढे काय बोलणार?

मास्तर, तुमची पोस्ट मी लेकाला वाचून दाखवली. पिशवीच्या जडपणात दूरच्या दीर्घिकांचा वाटा, इथे तो मोबाईलमधून वर बघून 'काय?' म्हणाला. कॉमर्सवर काही परिणाम झालेला नाही, पण एवढं नोंदवून ठेवते.

सून, तुझं बरोबर आहे की ताजं असताना लोक घेतात. दोन रात्री त्याचाच विचार करत होते. पंचवीस प्रतींचा मोह फार वाईट. पण मी काल ती चार प्रकरणं पुन्हा वाचली. शास्त्रज्ञाची जी पत्रं आहेत ना, ती सगळी मुलांना उपदेश करतात. एकाही पत्रात तो 'मला माहीत नाही' म्हणत नाही. सरांच्या नावाने ते छापलं तर ते त्यांच्यावर अन्याय करणारं होईल. तारीख १९ जुलै असो की १९ डिसेंबर, ती पत्रं तशी जाऊ शकत नाहीत.

अनुस्वार, तुम्ही मात्र माझी झोप उडवलीत. धागा निघाला नव्हता हे वाचून वाईट वाटलं. आणि मग वाटलं, पोस्टकार्ड लिहिणारा म्हातारा शास्त्रज्ञच कशाला हवा? तिथे गणिताच्या निवृत्त बाई बसवल्या तर? कीर्ती वगैरे काही नाही. तालुक्याच्या गावी राहतात, मुलांच्या पत्रांना उत्तरं देतात, आणि जिथे येत नाही तिथे 'हे मला येत नाही, आपण दोघं शोधू' असं लिहितात. कुणाच्या चेहऱ्यासारखं चित्र काढायचा प्रश्नच मिटला.

लहानपणी सरांच्या बनारसच्या घरी फळा होता, आणि त्यावर त्यांचे मोरूमामा आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत. सुटेपर्यंत पुसायचं नाही. बाईंच्या पडवीत तसा फळा ठेवावा म्हणते. मुलं पेटीचं वजन, पॅराशूटचा आकार, वाऱ्याची दिशा असं सगळं त्यावर मांडतील.

आज संध्याकाळी प्रकाशकांना हे सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'दिवाळीत बघू.' हे होकाराच्या जवळचं आहे.

आता एक मदत हवी. गोष्ट देगलूरची आणि मी निफाडची. माझी मुलं अगदी नाशिकसारखी बोलतात. सासूबाई म्हणाल्या, 'ही पोरं तिकडची वाटत नाहीत', आणि त्या कधी नांदेडला गेलेल्याही नाहीत. इथे नांदेडकडचं कुणी आहे का? एक पान टाकते, सुधारून द्या.

---

अनुस्वार | २३ मे, रात्री ११:०१

गणिताच्या बाई! हे वाचून मी एकटीच हसतेय. फळ्यावरचं गणित शेवटपर्यंत सुटू देऊ नका, एवढी विनंती.

---

सॅन_होजेची_सून | २४ मे, सकाळी ७:२०

बरं बाई. दिवाळीत पंचवीस. लिहून ठेव.

---

हळदीचं_पान | २५ मे, सकाळी ८:४५

इतके दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदा लिहितोय. देगलूर माझं आजोळ आहे, मी राहतो अर्धापूरला. पान पाठवा, ताई. पण आधीच सांगतो, तिकडं तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेवर, त्यामुळं बोलीत तेलुगू, कन्नड, दखनी सगळं मिसळलंय. नुसतं 'लय' आणि 'कामून' टाकलं म्हणजे मराठवाडा होत नाही. शहरातल्या लेखकांची ती सवय आम्हाला डोक्यात जाते. माफ करा, स्पष्ट बोललो.

---

गोदाकाठ | २५ मे, दुपारी ३:३०

स्पष्टच बोला, त्यासाठीच विचारलं. पान खरडवहीत टाकलंय. वेळ मिळेल तेव्हा बघा.

---

गोदाकाठ | २७ मे, रात्री ९:५०

छोटी खबर. पाऊस २४ला केरळात, काल मुंबईत. मे संपायच्या आत! दादांनी शेतातला उरलेला कांदा मिळेल त्या भावाला लासलगावला नेऊन टाकला. चाळीतला सध्या तरी ठीक आहे, दर दोन दिवसांनी वास घेऊन येतात. लेकाचा आणि भाचीचा फॉर्म भरायला बसलेय. लेकाच्या पसंतीक्रमात पहिली पाच कॉलेजं कॉमर्सची आणि सहावं सायन्सचं. हे सहावं कुणी घातलं ते विचारलं तर आजी आणि नातू दोघंही खिडकीबाहेर बघतात.

बाईंचं पहिलं पत्र लिहून झालं. सासूबाईंनी पास केलं.

---

हळदीचं_पान | २८ मे, रात्री ९:१५

पान वाचलं. मोबाईलवरूनच लिहितोय, तुटक असेल.

'तू तिथे काय करतो आहेस?' असं कुणी म्हणणार नाही. 'काय करायलास रे तिथं?' म्हणतील. 'मी जातोय' हे 'मी जायलो' करा. 'मला माहीत नाही' पण चालतं, पण पोरगं वैतागलेलं असेल तर नुसतं 'काय की' म्हणेल आणि निघून जाईल. तुमच्या धाकट्याला ते शोभेल. आईला 'माय' करा. 'शेतात पेटी पडली' नको, 'रानात पडली' म्हणा. आणि सगळ्या पोरांना सारखं बोलायला लावू नका. मुखेडकडून शिकायला आलेलं पोरगं शाळेत वेगळं बोलतं, घरी वेगळं.

आता भाषेपेक्षा मोठी गोष्ट. तुमची पोरं पेटी बघून थेट ठाण्याला फोन करतात. गावात असं होत नाही. आधी पोलीस पाटलाकडं जातात, ते फोन करतात. हा प्रसंग घाला. आणि पोलीस पाटील त्या दिवशी बिदरला लग्नाला गेलेला असू द्या, शेवटची बस चुकलेली. म्हणजे पेटी रात्रभर पोरांच्या राखणीला राहील आणि तुमच्या फळ्यावरच्या गणिताला पण वेळ मिळेल.

तूर डिसेंबर-जानेवारीत काढतात, तेव्हा थंडी असते. शेकोटी पेटवायला काढलेल्या तुरीच्या तुराट्या आयत्याच मिळतील, पण पेटीपासून लांब पेटवायला सांगा. पुढचं पान पाठवा.